फूल कोणतं घ्यायचं?

"बाई, उद्यापासून मला हाक मारायला येऊ नका. माझं वय झालं आता."

पोस्टातल्या वहिनींनी फाटकाच्या आतूनच सांगितलं. सकाळचे सहा वाजले होते. माझ्या खांद्याला रॅकेटची पिशवी आणि वहिनी मात्र अंगावर शाल घेऊन उभ्या, उजवा हात पोटाशी धरलेला. मी म्हटलं, "अहो, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान तुम्ही. तुमचं वय झालं तर माझं काय झालं?" एरवी त्या खळखळून हसल्या असत्या. त्या दिवशी हसल्या नाहीत. म्हणाल्या, "फूल दिसतच नाही हो मला. दिसलं तर गाठता येत नाही. गाठलं तर पलीकडे जात नाही. वर रात्रभर खांदा ठणकतो. मुलगा म्हणतोय, आई, आता पुरे."

फूल म्हणजे बॅडमिंटनचं शटल. आमच्याकडे जामखेडला पोरंसोरं, म्हातारेकोतारे सगळे त्याला फूलच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणणार आहे.

आम्ही आठजणी. सगळ्यात धाकटी बावन्नची, सगळ्यात थोरली मी, एकसष्टची. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी दोघीतिघींना साखरेसाठी चालायला सांगितलं. रस्त्याच्या कडेनं चालायचं तर मागून ट्रक, पुढून कुत्री. म्हणून शाळेच्या पटांगणात चालू लागलो. तिथे कडेला सिमेंटचं कोर्ट होतं, जाळी फाटकी पण होती. कुणीतरी घरातून पोरांच्या रॅकेट आणल्या आणि चालणं राहिलं बाजूला. आमच्या लहानपणी गावात एखादी बाई पळताना दिसली तर काय झालं म्हणून चार माणसं तिच्यामागे पळायची. आता आम्ही आठजणी सलवार-कुर्त्यावर बूट घालून पळतो आणि दूधवाला सायकल थांबवून गुण मोजतो.

पोस्टातल्या वहिनी आमच्यातल्या सगळ्यात चपळ. त्यांनी सोडलं तेव्हा मला वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त भीती वाटली. आज त्या, उद्या मी.

तर त्या उन्हाळ्यात पुण्याहून नातू सुट्टीला आला. तो तिथे बॅडमिंटनच्या क्लासला जातो. एका सकाळी माझ्याबरोबर पटांगणावर आला, आमचं एक फूल हातात घेतलं, दोनदा उडवलं आणि म्हणाला, "आजी, हे फूल नाही गं. बटाटा आहे हा."

मला राग आला. फुलांचा खर्च माझ्याकडे असतो. भिशीच्या दिवशी प्रत्येकीकडून थोडे थोडे पैसे घेते आणि त्यातून फुलं आणते. काटकसरीची म्हणून माझी ख्याती आहे. आठवडी बाजारात प्लॅस्टिकची फुलं डझनाच्या पिशवीत मिळतात, ती आणायची. त्याच्या आधी आम्ही नातवाच्या क्लासमधली टाकून दिलेली पिसांची फुलं वापरायचो. पिसं मोडलेली, कडा विस्कटलेल्या. पोरांचं खेळून झालं की जे उरेल ते आपलं, हे आम्हाला इतकं अंगवळणी पडलेलं की त्यात काही वावगं आहे असं मनातही आलं नाही. घरात शेवटची पोळी कुणाची असते ते काय मी तुम्हाला सांगायला हवं?

नातवानं त्याच्या डब्यातलं एक कोरं फूल काढून माझ्या हातावर ठेवलं. "हे बघ आणि ते बघ." मग मी पहिल्यांदाच फूल नीट बघितलं. चार वर्षं खेळत होते!

चांगलं फूल म्हणजे बुचाच्या टोपीत गोलाकार खोचलेली सोळा पिसं. सोळाच, पंधरा नाहीत की सतरा नाहीत. नियमच तसा आहे. पिसं हंसाची नाहीतर बदकाची. हंसाची जास्त टिकतात आणि महागही असतात. एका फुलात सगळी पिसं पंखाच्या एकाच बाजूची लागतात. उजवी-डावी मिसळली तर फूल हवेत नीट फिरणार नाही. फूल उडताना स्वतःभोवती गरगर फिरतं आणि त्या फिरण्यामुळेच सरळ जातं, हे मला त्या दिवशी कळलं. पिसाची लांबी ६२ ते ७० मिलिमीटर, बुचाचा व्यास २५ ते २८ मिलिमीटर, आणि अख्ख्या फुलाचं वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम. आमचं बाजारातलं फूल नातवानं सोनाराकडे नेऊन तोलून आणलं (पोरांना काय, उद्योग हवेत) तर ते सहा ग्रॅमच्या वर. त्याच्या बुडाला बूच नव्हतंच, कडक प्लॅस्टिक होतं. मारलं की डुगडुगत जायचं, एकदा डावीकडे झुकायचं, एकदा उजवीकडे.

आता सांगा, डुगडुगणारं फूल नजरेला सापडेल कसं? वहिनी म्हणत होत्या, मला दिसत नाही. अहो, ते सरळ येतच नव्हतं. त्यांनी दोष डोळ्यांना दिला, वयाला दिला. मी आणलेल्या फुलाला दिला नाही.

फुलानंच त्यांचा खांदा धरला असं मात्र मी म्हणणार नाही. त्यांना साखर आहे. खांदा आखडण्याचा आजार, ज्याला फ्रोजन शोल्डर म्हणतात, तो साधारण चाळीस ते साठ या वयात होतो, पुरुषांपेक्षा बायकांना थोडा जास्त आणि साखर असणाऱ्यांना आणखी जास्त. नगरला फिजिओथेरपिस्ट बाईंना दाखवलं तेव्हा त्यांनी आखडायची सुरुवात आहे असंच सांगितलं. व्यायाम दिले. पण खेळ कायमचा सोडा असं काही त्या म्हणाल्या नाहीत. दुखणं उतरेपर्यंत डोक्यावरून मारू नका, हात गरम झाल्याशिवाय खेळू नका आणि जड, कडक काही मारू नका, एवढंच म्हणाल्या. त्या 'जड, कडक'पाशी वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

हे गाव डॉक्टर आरोळ्यांचं. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी इथे आरोग्याचं काम सुरू केलं आणि खेड्याखेड्यातल्या, अक्षरओळखही नसलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. आपल्या अंगाचं दुखणं आपण समजून घ्यायचं, हे जामखेडच्या बाईला नवं नाही. तरी आम्ही शिकल्यासवरलेल्या आठजणी 'वय झालं' म्हणून मोकळ्या होत होतो.

मग मी ठरवलं की फुलाचा छडा लावायचाच. खेळाच्या सामानाच्या दुकानात गेले. तिथला पोरगा म्हणाला, "काकू, तुमच्यासाठी हळू जाणारं फूल घ्या. हिरव्या पट्टीचं." मी विचारलं, "हळू म्हणजे?" तो म्हणाला, "तुमच्या वयाला बरं." झालं! पुन्हा वय आलंच.

इथे जरा सावकाश वाचा, कारण सगळी गंमत इथेच आहे.

आपल्याला परवडणारी, टिकणारी फुलं नायलॉनची असतात. नायलॉनची म्हणजे बाजारातलं पिशवीतलं प्लॅस्टिक नव्हे. झगा नायलॉनचा आणि टोपी खऱ्या बुचाची, असं चांगलं नायलॉन फूल मिळतं. त्याच्या बुचाभोवती रंगीत पट्टी असते. हिरवी म्हणजे हळू, निळी म्हणजे मध्यम, लाल म्हणजे जलद. पण हा हळू-जलदपणा खेळणाऱ्याच्या वयासाठी नसतोच मुळी. तो हवेसाठी असतो. डब्यावर बारीक अक्षरात तापमान लिहिलेलं असतं. हिरवं साधारण २२ ते ३३ अंशांना, निळं १२ ते २३ ला, लाल शून्य ते १३ ला. हवा तापली की विरळ होते, फुलाला अडवत नाही, मग ते लांब जातं. म्हणून उन्हाळ्यात हळू फूल घ्यायचं. थंडीत हवा दाट, फूल लवकर पडतं, म्हणून जलद घ्यायचं. उंचावरही हवा विरळ असते. मुंबईला समुद्रकाठी बरोबर पडणारं फूल पुण्याला जरा पुढेच पडेल. आमचं जामखेडही बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात, उंचावर. त्यात एप्रिल-मेचं ऊन. म्हणजे दुकानदार पोरानं सांगितलेलं फूल बरोबर होतं, कारण मात्र चुकीचं होतं.

पिसांच्या फुलांचा हिशेब आणखी मजेदार. त्यांच्या डब्यावर ७५, ७६, ७७, ७८ असे आकडे असतात. हे ग्रेनमधलं वजन. एक ग्रेन म्हणजे ६५ मिलिग्रॅमच्या आसपास. सोनाराची गुंज आठवतेय? तिच्या निम्म्यानं फरक पडला की फूल बदललं. जड फूल पुढे जातं, हलकं अलीकडे पडतं. अर्ध्या गुंजेवर डाव फिरतो आणि मी चार वर्षं ग्रॅमभर जड फुलं आणत होते.

हवा बघून खेळाचं साधन निवडायचं हे काही आजचं नाही. बॅडमिंटनचे पहिले नियम इंग्रज अधिकाऱ्यांनी १८७३ च्या सुमारास आपल्या पुण्यात लिहिले. खेळाला तेव्हा 'पूना'च म्हणत. पुढे इंग्लंडातल्या एका उमरावाच्या वाड्यावरून बॅडमिंटन हे नाव पडलं. तिकडे दक्षिणेत तंजावरला त्याच्याही आधी, १८५० च्या दशकात, लोकरीचा चेंडू घेऊन असाच खेळ चालायचा, आणि वारा सुटला किंवा पावसाची ओल असली की साहेब लोक पिसांचं फूल बाजूला ठेवून तो लोकरीचा चेंडू घ्यायचे. म्हणजे साहेबालाही वाऱ्यात फूल जमत नव्हतं! आणि आपल्याकडच्या बायकांनी हा खेळ नुसता बघितला असंही नाही. क्रिकेटचे प्रोफेसर दि. ब. देवधर, त्यांच्या मुली तारा, सुंदर आणि सुमन यांनी १९४० च्या दशकात देशातली मोठी मैदानं गाजवली. त्या काळी त्यांच्या हातात कुणाची टाकलेली फुलं नसणार, एवढं नक्की.

फूल बरोबर आहे की नाही हे बघायची एक रीत नियमांतच दिली आहे. कोर्टाच्या एका टोकाच्या रेषेवर उभं राहायचं आणि खालून वर, पूर्ण ताकदीनं, बाजूच्या रेषेला समांतर फूल मारायचं. समोरच्या शेवटच्या रेषेच्या ५३ ते ९९ सेंटिमीटर अलीकडे ते पडलं तर वेग बरोबर. कोर्ट १३.४० मीटर लांब असतं. एप्रिलमधल्या एका रविवारी आम्ही ही परीक्षा घेतली. खेळाचे सर मारायला उभे राहिले, मी खडू घेऊन पलीकडे. लाल फूल रेषेच्या बाहेर गेलं. निळं वीतभर अलीकडे. हिरवं बरोबर दीड हातावर. नातवानं टाळ्या वाजवल्या. बाजारातल्या फुलाचं विचारू नका, ते एकदा कोर्टाबाहेर आणि एकदा जाळीत.

"चला, हिरवं ठरलं," मी म्हटलं. पण वहिनी, ज्या हात गळ्यात बांधल्यासारखा धरून बाकावर बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "सरांच्या हातानं ठरलं. माझ्या हातानं कुठे ठरलंय?"

खरंच की! सर तिशीतले. आम्ही एकेक करून त्याच रेषेवरून मारलं, तर हिरवं फूल जाळी ओलांडून जेमतेम पलीकडच्या सर्व्हिसच्या रेषेपाशी. निळं फूटभर पुढे. म्हणजे जलद फूल घेतलं तर आमच्या कमी ताकदीत ते थोडं लांब पोचतं, खांद्याला तेवढाच आराम. पण तेच फूल समोरून आपल्याकडेही तितक्याच वेगानं येतं, आणि साठीतले डोळे आणि पाय तेवढे तयार नसतात. हळू घेतलं तर बघायला सवड मिळते, पण मागच्या रेषेपर्यंत न्यायला खांदा फेकावा लागतो. मग करायचं काय?

या एका प्रश्नावर आम्ही चार दिवस भांडलो. चहावर भांडलो, फोनवर भांडलो. शेवटी तोडगा निघाला तो आमच्या सगळ्यात धाकटीच्या डोक्यातून. ती म्हणाली, "फूल कशाला बदलताय? रेषा बदला." डबल्समध्ये सर्व्हिससाठी शेवटच्या रेषेच्या ७६ सेंटिमीटर आत एक रेषा आखलेलीच असते. तीच आमची शेवटची रेषा करून टाकली. त्याच्या मागे पडलं तर बाहेर. आठजणी असल्यामुळे आम्ही नेहमी डबल्सच खेळतो, दोघी पुढे-मागे. फूल हवेप्रमाणे घ्यायचं आणि कोर्ट आपल्या वयाप्रमाणे कापायचं. नियमाच्या पुस्तकात असं कुठे नाही, पण आमच्यावर कोण पंच बसलाय? एक दूधवाला, त्यालाही रेषा समजावून सांगितली.

आणि साठीत खेळणाऱ्या आपण काही जगावेगळ्या नाही बरं का. बॅडमिंटनची जागतिक ज्येष्ठांची स्पर्धा असते, पस्तिशीपासून पुढे पाच-पाच वर्षांचे गट, पंच्याहत्तरीच्या गटापर्यंत. २०१७ साली ती आपल्या देशात, कोचीला भरली होती. तिथे अर्थात कोर्ट पूर्ण असतं. असो.

रंगाचं तर मी विसरलेच होते. नायलॉनची फुलं पांढरी मिळतात आणि पिवळीही. सकाळी उघड्यावर वर आभाळ पांढुरकं असतं, त्यात पांढरं फूल विरघळून जातं. पिवळं उठून दिसतं. आम्ही पिवळी घेतली आणि पहिल्याच दिवशी तिघीजणी म्हणाल्या, अगंबाई, चष्म्याचा नंबर उतरला की काय!

चष्म्यावरून सांगते. ज्यांना दोन नंबरांचा चष्मा आहे, खाली वाचायचा आणि वर लांबचा, त्यांना उंचावरून येणारं फूल नीट दिसतं, पण जाळीपाशी खाली आलेलं फूल वाचायच्या काचेतून धूसर दिसतं. आपल्याला वाटतं हात चुकला. मी आता खेळायला फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा ठेवते, न फुटणाऱ्या काचांचा. फुलाचं बूच एवढंसं असतं की ते डोळ्याच्या खोबणीत थेट बसू शकतं, त्यामुळे डोळ्याची इजा या खेळात वाईट होते. जाळीपाशी उभी असलेल्या बाईनं मागच्या जोडीदारणीकडे वळून बघायचं नाही, ही आमच्याकडे सक्त ताकीद आहे. गप्पा मारायच्या असतील तर बाकावर जा.

आता वारा. जामखेडला आषाढ लागला की पाऊस येवो न येवो, वारा येतो. पाच ग्रॅमचं फूल त्यात काय टिकणार? जागतिक संघटनेनं २०१९ साली उघड्या मैदानासाठी वेगळं, वाऱ्याला दाद न देणारं फूल आणलं आहे, एअरबॅडमिंटन म्हणतात त्या खेळाला. आम्ही मात्र वेगळा मार्ग काढला. मंगल कार्यालय! चातुर्मासात लग्नं जवळजवळ नसतात, कार्यालय रिकामं. मालकांच्या सूनबाईंनाच आम्ही गटात घेतलं, म्हणजे आमची नववी. विजेचं बिल भरायचं आणि झाडून घ्यायचं, एवढंच भाडं. बॅडमिंटनचे मोठे खेळाडू प्रकाश पदुकोण लहानपणी बंगळुरूला लग्नाच्या हॉलमध्येच खेळले, हे मी मालकांना सांगितलं तेव्हा ते फार खूश झाले.

आत खेळायचं म्हटल्यावर हिशेब पुन्हा बदलला. पंखे बंद ठेवावे लागतात, नाहीतर फूल पंख्याच्या वाऱ्यानं भलतीकडेच. भिंती फिकट पिवळ्या, म्हणून तिथे पांढरं फूल. आणि आत वारा नाही तर एकदा पिसांचं, कोरं, आपल्या पैशाचं फूल खेळून बघू, अशी टूम निघाली. किंमत ऐकली आणि सगळ्या गप्प. चांगल्या पिसांच्या डझनाला दीड हजाराच्या वर सांगितलं. वहिनींच्या मुलानं तर विचारलंच, "आई, फुलांना एवढे पैसे?" त्यावर वहिनी शांतपणे म्हणाल्या, "तुझ्या गाडीला मागच्या महिन्यात नुसते सीट कव्हर कितीचे घातलेस रे?" विषय संपला.

पिसांचं फूल म्हणजे काय सांगू! रॅकेटवर आल्याचं कळतं आणि हाताला धक्का म्हणून नाही. वर जातं आणि मग एकदम सरळ खाली येतं, नायलॉनसारखं लांबट तरंगत नाही. त्यामुळे खाली उभं राहून वाट बघता येते. पण ते आमच्या हातात टिकत नाही. आम्ही निम्मे फटके रॅकेटच्या कडेनं मारतो, आणि कडेचा फटका बसला की पीस तुटलंच. दोन डावांत एक फूल गेलं. त्यात आमची हवा कोरडी, पिसं वाळून कडक होतात. त्यावर उपाय आपल्या स्वयंपाकघरात आहे. चहाचं आधण उकळत असताना डब्याची पिसांकडची बाजू काही सेकंद वाफेवर धरायची, बुचाला वाफ लागू द्यायची नाही, झाकण लावून रात्रभर ठेवायचं. पिसं लवचीक होतात आणि फूल जास्त पुरतं. ही युक्ती क्लासमधली पोरंही करतात म्हणे, पण त्यांच्या आयांना विचारून बघा आधण कुणी ठेवलं ते.

माझं मत विचाराल तर रोजच्या खेळाला नायलॉनच. पिसांचं महिन्यातून एकदा, भिशीच्या दिवशी, पुरणपोळीसारखं. आमच्या सूनबाईंचं मत याच्या उलट आहे. त्यांचं म्हणणं, दुखरा खांदा असेल तर पिसांचंच घ्यावं आणि कमी खेळावं. त्यात तथ्य आहे. पण रोज खेळायला मिळणं हे मला जास्त मोलाचं वाटतं. रॅकेटच्या तारा मात्र सगळ्यांनी ढिल्या करून घेतल्या, वीस-बावीस पौंडांवर आणल्या. तरण्या पोरांसारख्या ताणलेल्या तारा असतील तर ताकद आपल्याला लावावी लागते. ढिल्या तारा निम्मं काम करतात.

वहिनींचं सांगायचं राहिलं. एप्रिल ते जुलै त्या रोज बाकावर येऊन बसायच्या. भिंतीवर बोटं चढवत नेण्याचा व्यायाम त्यांनी कार्यालयाच्या भिंतीवर केला. पेन्सिलीनं खुणा करून ठेवल्यात, अजून आहेत. मालकांनी रंग देताना तेवढी भिंत सोडली. नागपंचमीच्या सुमारास पहिल्यांदा रॅकेट हातात घेतली, तीही खालून मारायला. डोक्यावरून मारायला दिवाळी उजाडली. अजून हात पूर्ण वर जात नाही. पण फूल दिसतं.

आणि फुलांचा खर्च आता माझ्याकडे नाही. त्यांनी माझ्याकडून वही काढून घेतली. "बाई, तुम्ही काटकसर घरी करा," म्हणाल्या. मी काही बोलले नाही. काय बोलणार?

तुळशीची लग्नं लागली, कार्यालयाचं बुकिंग सुरू झालं आणि आम्ही पुन्हा शाळेच्या पटांगणावर आलो. पहिल्याच सकाळी वहिनींनी पिशवीतून थर्मामीटर काढला. मुलाच्या कोंबड्यांच्या शेडमधला. जाळीच्या खांबाला खिळ्यावर टांगला, पाच मिनिटं थांबल्या, चष्मा वर करून वाचला. सतरा.

"निळं काढा," त्या म्हणाल्या, आणि सर्व्हिस करायला रेषेवर जाऊन उभ्या राहिल्या.